अक्का, वेळू लावू का?

गेल्या आठवड्यात धाकट्याचा फोन आला. ख्यालीखुशाली काही नाही, एकदम म्हणाला, "अक्का, वेळू लावू का?" वेळू म्हणजे बांबू. पाठोपाठ पाशा पटेलांच्या बांबूवरच्या भाषणाचा एक व्हिडिओ पाठवला. एकतीस वर्षं मी बँकेत पीककर्जाची कागदं चाळली, त्यामुळे घरात कुठल्याही नव्या पिकाचं नाव निघालं की ते आधी माझ्या टेबलावर येतं. टेबल सुटलं, सवय काही सुटली नाही.

आपल्याकडचे पुढारी पर्यावरणावर बोलतात ते ५ जूनला, तेही आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात रोप सोडून फोटो निघेपर्यंत. पाशा पटेल बारा महिने बोलतात. औसा तालुक्यातल्या लोदग्याचा हा माणूस शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत घडला. पुढे ते भाजपमध्ये गेले, विधान परिषदेवर आमदार झाले, राज्य कृषी मूल्य आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि मुख्यमंत्र्यांच्या पर्यावरणविषयक कृती दलाची धुराही त्यांच्याकडे आली. पक्षाचं मी बाजूला ठेवते, माझं मत मी कुणाला सांगत नाही. पण 'कार्बन' हा शब्द पारावर बसलेल्या माणसाच्या तोंडात आणणारा दुसरा पुढारी मला तरी मराठवाड्यात दिसत नाही.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की वीज केंद्रात कोळशाऐवजी बांबू जाळा. ऐकायला विचित्र वाटतं. जाळायचंच तर फरक काय पडला? पडतो. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता, तो आपण उकरून हवेत सोडतो. बांबूतला कार्बन बांबूने चार वर्षांपूर्वी हवेतूनच घेतलेला असतो, तोच परत जातो, आणि तोडलेल्या बेटाला पुन्हा कोंब फुटतात. वाळलेल्या बांबूची उष्णता आपल्या जास्त राखेच्या देशी कोळशाच्या तोडीस तोड असते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये धोरण आणून औष्णिक वीज केंद्रांना कोळशात ५ टक्के जैवभार, म्हणजे काडीकचऱ्यासारखं वनस्पतींचं जळण, मिसळायला सांगितलं, त्यामुळे ही नुसती भाषणातली कल्पना राहिलेली नाही. भाषणांमधून बांबूच्या ऑक्सिजनचं जे कौतुक होतं, ते मात्र मला पटत नाही. हवेत २१ टक्के ऑक्सिजन आहे, त्याची टंचाई कुणाला नाही. टाळ्या पडतात म्हणून बोलतात, दुसरं काय.

हे आमच्या भागात पटकन पटतं, त्याला कारण आहे. २०१६ च्या मार्चमध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. मी शेजारणीबरोबर रात्री घागरी मांडून बसायचे आणि सकाळी तीच साडी नीट करून बँकेत जायचे. त्याच्या आदल्या वर्षी पाण्यावाचून परळीचं वीज केंद्र बंद पडलं होतं. कोळसा होता, पाणी नव्हतं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात सोयाबीन उभ्याउभ्या कुजलं. तेरणा नदीने आमच्या काठचा अर्धा एकर खरवडून नेला, खाली मुरूम उघडा पडला. भाऊ फोनवर काही बोललाच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. अशा माणसाला 'हवामान बदलतंय' हे समजावून सांगावं लागत नाही. पुढे काय लावू, एवढं सांगणारा कुणीतरी लागतो. पटेलांनी ते ओळखलं, आणि माझ्या मते त्यांची खरी हुशारी इथे आहे.

पण मी बँकेतली बाई. माझा प्रश्न एकच, खरेदीदार कोण?

आणि हा प्रश्न मला शिकवला तो शेतकरी संघटनेनेच. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा आमच्या गावच्या भिंतीवर कितीतरी वर्षं होती. त्याच शाळेतून आलेल्या माणसाने बांबूचं सांगताना अनुदानाचा आकडा आधी यावा आणि भावाचा मागून, हे मला खटकतं. रोजगार हमीतून हेक्टरी सात लाखांच्या आसपास मिळतात असं गावोगाव सांगितलं जातं. आकडा ऐकून डोळे मोठे होतात. तो हप्त्याहप्त्याने, काही वर्षांत पसरून आणि बराचसा मजुरीच्या मस्टरवरून, म्हणजे हजेरीपटावरून येतो, हे ऐकेपर्यंत चहा संपलेला असतो. उसाला निदान कायद्याने बांधलेला एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान भाव आहे, थकला तर भांडायला कागद तरी आहे. बांबूला तसा कागद नाही. २०१७ मध्ये कायदा बदलून शेतातला बांबू 'झाड' या व्याख्येतून काढला, तोडायला-न्यायला परवाना लागेना, हे चांगलंच झालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने बांबू उद्योग धोरणही मंजूर केलं. पण बांबू हलका आणि जागा खाणारा माल. ट्रॉली भरलेली दिसते, वजन काट्यावर कळतं. बांबू दाबून जळणाची कांडी बनवणारा कारखाना जवळ नसेल तर भाडंच सगळं खाईल. हिशेब टनाचा आहे आणि टनाला दर काय, हे चौथ्या वर्षी कळून उपयोग नाही. कर्जाच्या अर्जावर मी 'विक्री व्यवस्था' हा रकाना कोरा असला की फाईल परत पाठवायचे. पटेलांनी अर्ज आणला असता तरी परत पाठवला असता, चहा पाजून.

हे सगळं मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे नको म्हनतीस."

नको नाही म्हणत. सोयाबीन मोडून पाच एकर वेळू नको. नदीने खरवडलेला तो अर्धा एकर, तिथे तसंही काही येणार नाही, तिथे लाव. मुळं माती धरतील. चार वर्षांनी वीज केंद्राने घेतला तर ठीक, नाही घेतला तर शिड्या, मंडपवाले, टोमॅटोवाले आहेतच. आणि बांधावर लावणार असशील तर शेजाऱ्याशी आधी बोल, सावलीवरून कोर्टात गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

"आन् शेरडं?" तो म्हणाला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पहिली दोन वर्षं कोंब शेळ्यांपासून राखावे लागतात, आणि नदीकाठाला शेळ्या चारतो तो आमचाच चुलता. त्याला नाही कोण म्हणणार? कुंपणाला किती येईल ते विचारून सांगतो म्हणाला. अजून फोन नाही.