सही तिची, ओटीपी कुणाला?

मार्चअखेर. करसल्लागारांकडे फायलींचे ढीग. धंद्याच्या मालकाच्या रकान्यात बाईचं नाव, आणि दिलेल्या नंबरवर फोन लावला की उचलतो नवरा किंवा दीर.

यामागे हिशेब आहे. केंद्राच्या खात्यांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची, त्यात ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. भागीदारीत त्यासाठी महिलांचा हिस्सा किमान ५१ टक्के लागतो. म्हणून करारात ५१ टक्के तिचे आणि बँकेत सहीचा अधिकार एकट्या त्याचा. कराराचं ते कलम सहसा कुणी तिला वाचूनही दाखवत नाही.

धोका मात्र तिचाच. कोऱ्या चेकवर सह्या करून चेकबुक घरात ठेवण्याची पद्धत सर्रास आहे. एकल मालकीत चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली (न वटलेल्या चेकचा गुन्हा) नोटीस तिच्या नावाने येते, पैसे भरायला १५ दिवस. 'व्यवहार नवराच बघतो' हे कोर्टात फारसं चालत नाही.

धंद्याचा ताबा स्वतःकडे घ्यायचा तर सुरुवात आधारला जोडलेल्या मोबाइलपासून. तो नवऱ्याचा असेल तर उद्यम नोंदणीचा, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, ओटीपीही त्याच्याकडेच जातो. मग बँकेतला नंबर. कुणाला खातं चालवायचं अधिकारपत्र दिलं असेल तर ते लेखी रद्द करायचं, पोच घ्यायची. जीएसटीतला मोबाइल-ईमेल बदलणं सोपं, अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. पण बदलाचा ओटीपी जुन्या-नव्या नंबरांच्या गोंधळात अडकतो, म्हणून दोन्ही फोन समोर ठेवून बसावं. लॉगिनच दुसऱ्याच्या हातात असेल तर कागदपत्रं घेऊन अधिकाऱ्याकडे जाणं आलं. डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं उपकरण) सल्लागाराच्या खणात, पिन त्याच्या डायरीत, हे तर सर्वत्र! कायद्याने ती सही जपण्याची जबाबदारी सहीवालीची.

तृतीयपंथी उद्योजकांची अडचण वेगळी. पॅनच्या अर्जात २०१८पासून स्वतंत्र रकाना आहे, पण अडतं ते नावापाशी. आधी जिल्हाधिकाऱ्यांचं ओळखप्रमाणपत्र, मग आधार, मग पॅन, शेवटी बँक. क्रम चुकला की आधार-पॅन जुळत नाही आणि कर्जाची फाइल केवायसीतच थांबते.

हे सगळं एप्रिलमध्ये करावं. मार्चमध्ये बँकेत कुणाला वेळ नसतो.