डोनकाठची तिसरी आर्मी
आजची सुट्टी स्टालिनग्राडच्या नकाशासमोर गेली. वाचत होतो दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने लढणाऱ्या रोमानियाच्या तिसऱ्या आर्मीबद्दल. "रोमानियन फळी कोसळली" असं एका वाक्यात हे प्रकरण उरकतात, ते आज फार खटकलं.

डोन नदीकाठची जवळपास १४० किलोमीटरची आघाडी, आणि ती धरायला तुटपुंज्या तुकड्या. रणगाडाविरोधी तोफा बहुतेक ३७ आणि ४७ मिलिमीटरच्या. सोव्हिएत टी-३४ रणगाड्यांच्या चिलखतापुढे त्या काय करणार? त्यात नदीच्या दक्षिण काठावर सेराफिमोविच आणि क्लेत्स्काया इथे सोव्हिएत सैन्य आधीच पाय रोवून बसलेलं. या आर्मीचे प्रमुख जनरल पेत्रे दुमित्रेस्कू सांगत होते, आधी त्यांना तिथून हुसकावू या. जर्मन वरिष्ठांनी ते मान्य केलं नाही. १९ नोव्हेंबर १९४२ च्या सकाळी, दाट धुक्यात, हल्ला नेमका तिथूनच आला. चार दिवसांत कलाच गावाजवळ स्टालिनग्राडमधल्या जर्मन सैन्याभोवतीचा वेढा पूर्ण!

तरीही याच आर्मीतल्या जनरल मिहाईल लास्कार यांचे सैनिक रास्पोपिन्स्कायाजवळ चहूबाजूंनी घेरले गेल्यावरही लढत राहिले. त्यांच्याबद्दल कुणी का बोलत नाही? लास्कार युद्धकैदी झाले, पुढे बाजू बदलून सोव्हिएतांबरोबर गेले आणि १९४६ मध्ये रोमानियाचे संरक्षणमंत्री झाले.