वर्गाआधी एक कागद

"ताई, आपण तर हे शाळेत कधी शिकलोच नाही. आधीपासून काय तयारी करू?"

गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला इथे न्यू जर्सीत निदान दहा जणींनी विचारला असेल. लग्नानंतर इकडे आलेल्या, मुलं मोठी झाल्यावर काउंटी कॉलेजात, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या सरकारी कॉलेजात, नाव घातलेल्या. पदवीसाठी इतिहासाचे क्रेडिट हवे असतात. कोर्स ब्लेंडेड, म्हणजे आठवड्यातून एकदा वर्गात जायचं आणि बाकीचं ऑनलाइन. विषय अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास, यादवी युद्धानंतरच्या काही वर्षांपर्यंतचा. मी तो कोर्स केला आणि मला तो मनापासून आवडला. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वेळेचं. तीन क्रेडिट म्हणजे आठवड्याला तीन तास वर्ग आणि घरी त्याच्या दुप्पट अभ्यास, असा इथला सर्वसाधारण हिशोब. एकूण नऊ तास, साधारण पंधरा आठवडे. ब्लेंडेड कोर्समध्ये वर्गाचे निम्मे तास वेळापत्रकावर दिसत नाहीत, पण नऊ ते नऊच राहतात. पहिल्या आठवड्यात हे माझ्या लक्षात आलं नाही. वाचन रविवार रात्रीवर ढकललं. बारा वाजता क्विझ बंद झाली तेव्हा माझे तीन प्रश्न राहिले होते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे ज्या कागदावर बोलत होते तो मी उघडलाही नव्हता. सव्वा तास गप्प बसून काढला, त्याचं फार वाईट वाटलं. मग मंगळवार आणि गुरुवार रात्री साडेआठ ते साडेदहा, आणि शनिवारी सकाळी मुलांचे क्लास असतात तो वेळ, असं ठरवून टाकलं. स्वयंपाकघरातलं टेबल माझं. घरात सांगितलं, या वेळात आई कॉलेजात गेली आहे असं समजा. तुम्हीही कोर्स सुरू व्हायच्या आधी वार आणि वेळ पक्के करा. पुस्तकासाठी पैसे मोजण्याआधी मात्र सिलॅबस बघा. ओपनस्टॅक्सचं पाठ्यपुस्तक ऑनलाइन फुकट मिळतं आणि बरेच प्राध्यापक तेच लावतात.

आता सनावळ्या. आपल्याला त्या पाठ करायची सवय असते. मीही वही घातली होती: १६०७ जेम्सटाउन आणि १६२० प्लिमथ या इंग्रजांच्या सुरुवातीच्या वसाहती, १७७६ स्वातंत्र्याचा जाहीरनामा, १७८७ राज्यघटना. त्या खुंट्या म्हणून उपयोगी पडतात, पण चार दिवसांत होणारं काम आहे ते. खरी तयारी वेगळीच निघाली. अशा कोर्समध्ये माहिती घरी वाचायची असते, वर्ग असतो तो जुन्या कागदांवर बोलण्यासाठी. म्हणून एक जुना कागद घेऊन सावकाश बसायची सवय आधी लावून घ्यायला हवी.

माझी ती सवय एका वाक्याने लागली. २ जुलै १७७६ रोजी, जाहीरनामा मंजूर होण्याच्या दोनच दिवस आधी, न्यू जर्सीने आपली पहिली राज्यघटना केली. तिच्यातलं मताधिकाराचं कलम असं: सज्ञान झालेले, पन्नास पौंडांची मालमत्ता असलेले आणि बारा महिने काउंटीत राहिलेले 'सर्व रहिवासी' मत देऊ शकतात. मी वाचलं, खाली रेघ मारली आणि पुढे गेले. वर्गात आमच्या प्रोफेसरनी एवढंच विचारलं, "यात पुरुष हा शब्द कुठे आहे?" मी ओळींवरून बोट फिरवत गेले. नव्हता. 'गोरा' हा शब्दही नव्हता. आणि खरोखरच त्या काळात इथल्या विधवा, अविवाहित बायका, मालमत्ता असलेले मुक्त कृष्णवर्णीय लोक मत देत होते. १७९० च्या निवडणूक कायद्यात तर मतदारासाठी 'तो किंवा ती' असे शब्द आले. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता मात्र कायद्याने नवऱ्याची, त्यामुळे पन्नास पौंडांची अट ती पुरी करूच शकत नव्हती. मग १८०७ मध्ये विधिमंडळाने मत गोऱ्या पुरुषांपुरतं करून टाकलं. १९२० साल उजाडेपर्यंत, म्हणजे एकशे तेरा वर्षं, बायका पुन्हा थांबल्या.

रेघ मारताना हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं. तेव्हापासून मी कुठलाही कागद दोनदा वाचते, एकदा तो काय म्हणतो यासाठी आणि एकदा त्यात कोण धरलंय, कोण वगळलंय यासाठी. पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्यासाठी मालक वर्तमानपत्रात जाहिराती देत. त्या अशाच वाचायच्या असतात. वाचणाऱ्याला माणूस ओळखू यायला हवा, म्हणून मालक सगळं लिहितो: वय, उंची, अंगावरचा व्रण, नेलेले कपडे, फिडल वाजवतो, इंग्रजीबरोबर डचही बोलतो. ज्याला ही जाहिरात वस्तू समजते, त्याचं जिवंत माणूसपण तिच्यातच उतरलेलं असतं. पहिली वाचली त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

भाषेला घाबरू नका. अठराव्या शतकातली इंग्रजी वाक्यं लांबलचक असतात. मोठ्याने वाचली की अर्थ लागत जातो. मूळ छापील पानावर शब्दाच्या मधला 'एस' बराचसा 'एफ'सारखा दिसतो, त्याने पहिल्यांदा गोंधळ होतो. मोडीची वळणं जशी सवयीने ओळखू येतात तसंच हे, आठवड्याभरात डोळा बसतो.

आणि 'आपण हे शिकलोच नाही' हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. या गोष्टीचं दुसरं टोक आपण शाळेत शिकलोय. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली १६०० मध्ये, जेम्सटाउन वसवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीला १६०६ मध्ये, आणि लंडनचा थॉमस स्माइथ हा व्यापारी दोन्ही कंपन्यांच्या कारभारात प्रमुख होता. १६ डिसेंबर १७७३ ला बॉस्टन बंदरात, चहावरच्या कराने चिडलेल्या लोकांच्या हातून, ३४२ पेट्या चहा पाण्यात गेला. तो चहा चीनमधून आणलेला, मालकी आपल्या ओळखीच्या ईस्ट इंडिया कंपनीची. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ज्या इंग्रज सेनापतीच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली, तोच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. ब्रिजवॉटरच्या बालाजीला आपण सगळेच जातो. त्याच भागात, मिडलब्रूकला, १७७८-७९ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनच्या फौजेचा तळ होता. त्याच हिवाळ्यात, जानेवारी १७७९ मध्ये, वडगावला इंग्रजांनी मराठ्यांपुढे हात टेकले. हे जुळलं त्या दिवशी वर्गात मी पहिल्यांदा आपणहून हात वर केला. बाकीच्या मुलांनी वडगावचं नाव ऐकलेलं नव्हतं. मी फळ्यावर नकाशा काढून दाखवला.

शेवटचा निबंध मी न्यू जर्सीच्या १८०४ च्या कायद्यावर लिहिला. त्या वर्षीच्या ४ जुलैनंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं मूल मुक्त, असं तो म्हणतो. पण मुलीने २१ आणि मुलाने २५ वर्षांचं होईपर्यंत आईच्या मालकाची चाकरी करायची. मी वहीत एक मुलगी कल्पून हिशोब मांडला. जन्म १८०५, सुटका १८२६. आईच्या नावापुढे लिहायला सालच नव्हतं. १८६० च्या जनगणनेतही इथे गुलामगिरीतली १८ माणसं होती, कागदोपत्री 'आजन्म शिकाऊ' म्हणून. गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती या राज्याने १८६५ मध्ये आधी फेटाळली आणि १८६६ मध्ये, ती देशभर लागू झाल्यावर, मान्य केली.

हे लिहिताना जोतीराव फुले सारखे आठवत होते. त्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. शाळेत मी हे एका गुणासाठी पाठ केलं होतं. निबंध लिहिताना कळलं की ती अर्पणपत्रिका किती नेमकी आहे. जोतीरावांनी लोकांचे आभार मानलेत, आणि इथे झटले होते ते लोकच. माझं राज्य तर शेवटपर्यंत अडून बसलं होतं. जोतीरावांनी तरुणपणी ज्याचे विचार वाचले त्या थॉमस पेनचं एक घर बोर्डनटाउनला होतं, आमच्यापासून पाऊण तासावर. निबंध देऊन झाल्यावर मी तिथे जाऊन आले.

तुमचा कोर्स सुरू व्हायला अजून तीन आठवडे आहेत. या मंगळवारी साडेआठला आमच्याकडे या. १७७६ चं ते कलम मी दोन प्रतींत छापून ठेवते.