एपीआयमधून तारीख-वेळ कशी पाठवायची?

नव्या एपीआयचं काम हाती घेतलेली मंडळी मला हमखास विचारतात: तारीख-वेळ कुठल्या फॉरमॅटमध्ये पाठवायची? ‘आयएसओ ८६०१’ (तारीख-वेळ लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक) एवढं सांगून मोकळं होता येतं. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, फॉरमॅट नंतर बघू. त्या फील्डमध्ये नेमकं काय आहे, ते आधी ठरवा.

जेसनमध्ये, म्हणजे एपीआय सहसा ज्या मजकुरी स्वरूपात माहिती पाठवतात त्यात, तारखेचा प्रकारच नाही, त्यामुळे प्रत्येक लायब्ररी आपापल्या परीने मार्ग काढते. पायथॉनचं जेसन मॉड्यूल डेटटाइम दिसताच एरर देऊन थांबतं. मला हेच वागणं सर्वांत प्रामाणिक वाटतं, कारण निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो. जावास्क्रिप्ट मात्र काही न विचारता वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) बदलते आणि शेवटी ‘ही वेळ यूटीसीतली’ असं सांगणारा झेड लावते. जावातली जॅक्सन २ ही लायब्ररी मूळ सेटिंगमध्ये चक्क आकडे पाठवते, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेला काळ. आकड्यांचा धोका वेगळाच: १७३५६८९६०० हे सेकंद मानले तर १ जानेवारी २०२५, मिलिसेकंद मानले तर २१ जानेवारी १९७०. नुसत्या आकड्याकडे बघून ते कळत नाही.

आता जन्मतारीख घ्या, १२ मे १९९०. ही दिनदर्शिकेवरची तारीख आहे, काळातला एखादा क्षण नव्हे. सर्व्हरने ‘१९९०-०५-१२’ अशी स्ट्रिंग पाठवली आणि फ्रंटएंडवर कुणी ती थेट डेट ऑब्जेक्टला दिली, तर जावास्क्रिप्टच्या नियमानुसार ती यूटीसीतली मध्यरात्र ठरते. न्यूयॉर्कमध्ये त्या वेळी ११ मेची रात्र असते. पडद्यावर ११ मे दिसतो आणि माणसाचा वाढदिवस एक दिवस आधी येतो. त्याच स्ट्रिंगला ऑफसेटशिवाय (यूटीसीपासूनचा फरक न लिहिता) वेळ जोडली, तर मात्र ती स्थानिक वेळ धरली जाते! म्हणून नुसत्या तारखेसाठी सर्व्हरवर जावातला लोकलडेट किंवा डॉटनेटमधला डेटओन्ली यांसारखा प्रकार वापरा, आणि ब्राउझरमध्येही ती तारीख म्हणूनच हाताळा.

घडून गेलेल्या गोष्टींचं सोपं आहे. ऑर्डर कधी आली, रेकॉर्ड कधी बदललं, हे यूटीसीत, आरएफसी ३३३९ (इंटरनेटवर तारीख-वेळ लिहिण्याचं मानक) प्रमाणे, शेवटी झेड लावून द्या. पुढच्या वर्षीच्या सकाळी ९ च्या भेटीला हे चालत नाही. मध्ये एखाद्या सरकारने घड्याळाचे नियम बदलले, तर साठवलेला यूटीसी क्षण तोच राहतो आणि भेट ८ वाजता किंवा १० वाजता दिसते. तिथे स्थानिक वेळ आणि टाइमझोनचं नाव, दोन्ही पाठवा. २०२४ च्या आरएफसी ९५५७ ने हे नाव त्याच स्ट्रिंगमध्ये चौकटी कंसात जोडायची सोय दिली आहे. मी तरी अजून वेगळं फील्डच ठेवतो.

अपूर्णांकही ठरवून घ्या. डॉटनेट सेकंदाचे सात दशांश लिहू शकतं, जावास्क्रिप्टचा डेट तीनच सांभाळतो. क्लायंटने ‘शेवटचा बदल’ ही वेळ जशीच्या तशी परत पाठवावी आणि ती जुळली तरच सेव्ह करावं, अशी रचना असेल तर उरलेले चार अंक वाटेत गळतात आणि बरोबर असलेली विनंती नाकारली जाते.

हे सगळं सिरियलायझरच्या (डेटाचं जेसन बनवणाऱ्या भागाच्या) सेटिंगमध्ये एकाच जागी लिहा. प्रत्येक फील्डवर वेगळं अॅट्रिब्यूट लावत बसू नका. मग त्याच टेस्ट एकदा सर्व्हरचा टाइमझोन यूटीसीच्या पूर्वेला ठेवून आणि एकदा पश्चिमेला ठेवून चालवा. जेसनमध्ये एका अक्षराचाही फरक पडला, तर कुठेतरी स्थानिक वेळ झिरपते आहे.