गुरुवारी पाळकसाहेब भेटणार नाहीत

इथे इंग्लंडात दर रविवारी चर्चच्या दारात एक छापील पत्रक हातात देतात. पुढच्या आठवड्यात फुलांची पाळी कोणाची, कॉफी कोणाकडे, आजारी कोण, असं सगळं त्यात असतं. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे मी या सर्किटात (जवळपासच्या मेथडिस्ट चर्चांच्या गटात) पाळक म्हणून रुजू झालो त्याच आठवड्यात, पत्रकाच्या तळाशी एक चौकट होती: "मिनिस्टरांचा सुट्टीचा दिवस गुरुवार. त्या दिवशी कृपया त्यांना फोन करू नये. तातडीचं असल्यास स्टुअर्डना कळवावं."

व्यासपीठावर बसून मी ते वाचलं आणि माझी कानशिलं तापली. मेंढपाळाला कसली सुट्टी? मेंढरं काय गुरुवारी चरत नाहीत? आणि हे मला न विचारता छापलेलं नव्हतं, हे त्याहून वाईट. आठवडाभर आधी स्टुअर्डबाईंनी (आपल्या पास्टरेट कमिटीच्या, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, सेक्रेटरीसारखं पद समजा) कुठला वार हवा म्हणून विचारलं होतं. बोलायचं म्हणून विचारताहेत असं समजून मी म्हणालो होतो, गुरुवार चालेल.

माझ्या मुलीनं घरी आल्याबरोबर ते पत्रक फ्रिजवर लावलं आणि गुरुवारभोवती हिरव्या पेनानं गोल काढला. ती दहा वर्षांची आहे.

श्रीरामपूरकडे मी सोळा वर्षं पाळक होतो. एक मोठी मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, आणि भोवतालची पाच खेडी. आमच्या बंगल्याच्या फाटकाला कडी होती, कुलूप कधीच नव्हतं. रात्री दोनला "पाळकसाहेब, सलाम" असा आवाज आला की मी चपला शोधेपर्यंत बायकोनं बॅटरी माझ्या हातात दिलेली असायची. कोणाचा बाप गेलेला, कोणाची सून अडलेली, कोणाच्या पोरानं औषध घेतलेलं. अशा वेळी माणसाला कमिटी नको असते, पाळक हवा असतो. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

मुलगी झाली त्या रात्री मी 40 किलोमीटरवरच्या एका खेड्यात मेळाव्यात संदेश देत होतो. बायकोला दवाखान्यात मंडळीनं नेलं. महिला मंडळाच्या अध्यक्षबाई रात्रभर बाकावर बसून राहिल्या. पुढे दोन महिने आमच्याकडे डबे येत होते, इतके की भांडी कोणाची कुठली हे कळेना. नंतर कितीतरी ठिकाणी मी हा प्रसंग साक्ष म्हणून सांगितला: आपण देवाचं काम केलं की देव आपलं घर सांभाळतो. बायको बहुतेक वेळा समोरच बसलेली असायची. ती कधी काही बोलली नाही.

तर इथली गोष्ट. उत्तर लिंकनशरचा हा सपाट, काळ्या मातीचा मुलूख. माझ्याकडे तीन चॅपल आहेत. आपली उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) वेगवेगळे पंथ मिळून 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात एक झाली, तेव्हा ब्रिटिश मेथडिस्ट परंपरेचे आपल्याकडचे लोकही तिच्यात आले. त्यामुळे इथले मेथडिस्ट मला पाहुणा समजत नाहीत, घरचाच धरतात. त्यांच्यातले एक वयस्कर शेतकरी बरेच आजारी होते. त्यांच्या शेतात साखरेचं बीट आणि मी उसाच्या मुलखातला. आमचं जमलं ते साखरेवरूनच. ऊस तोडल्यावर खोडवा कसा धरतात हे त्यांनी मला दोनदा विचारून घेतलं होतं.

एका बुधवारी रात्री त्यांची तब्येत बिघडल्याचं कळलं. गुरुवारी दुपारी मी कोणाला न सांगता गेलो. त्यांचा हात हातात घेऊन तेविसावं स्तोत्र वाचलं, प्रार्थना केली, मग त्यांच्या बायकोशी बोलत बसलो. फोन आवाज बंद करून खिशात होता. गाडीत बसल्यावर पाहिलं तर शाळेचे पाच मिस्ड कॉल.

बायको इथे वृद्धांच्या केअर होममध्ये काम करते. गुरुवारी तिची पाळी पाचला सुटते, म्हणून मुलीला सव्वातीनला शाळेतून आणणं माझ्याकडे. मी पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. मुलगी तिथे नव्हती. शाळेच्या यादीत आमच्यानंतरचा नंबर स्टुअर्डबाईंचा आहे, त्या येऊन तिला घेऊन गेल्या होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती टोस्ट खात चित्र काढत बसली होती. मला पाहून रडली नाही, रुसली नाही. एवढंच म्हणाली, "पप्पा, आज गुरुवार ना?"

स्टुअर्डबाई तिच्यासमोर काही बोलल्या नाहीत. रात्री त्यांचा फोन आला. आधी आभार मानले, त्या घरच्या लोकांना बरं वाटलं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण मला का नाही कळवलंत? मी गेले असते किंवा तुमच्याजागी शाळेत थांबले असते. इथे आम्ही एका मिनिस्टरांचं घर मोडताना पाहिलंय. तेही फार चांगले होते, कोणाला नाही म्हणायचे नाहीत. मंडळीनं त्यांना वापरून संपवलं. ते आम्हाला पुन्हा घडू द्यायचं नाही." शेवटी म्हणाल्या, मोशेच्या सासऱ्यानं सांगून ठेवलंय, तू झिजून जाशील म्हणून.

मला राग आला. आम्हाला इथ्रो, म्हणजे तो मोशेचा सासरा, शिकवतात! बायबलातल्या निर्गमच्या अठराव्या अध्यायावर मी वीसएक वेळा तरी प्रवचन केलं असेल: कामं वाटून द्या, हजारांवर, शंभरांवर नायक नेमा. तरी त्या रात्री पुस्तक उघडलं. आणि मी नेहमी तेराव्या वचनापासून सुरू करतो हे तेव्हा लक्षात आलं. त्याआधी काय आहे? मोशेनं आपली बायको सिप्पोरा माहेरी धाडून दिली होती. इथ्रो मुळात आला तो तिला आणि दोन मुलांना घेऊन. मोशे सामोरा गेला, सासऱ्याला नमन केलं, त्याचं चुंबन घेतलं, एकमेकांचं क्षेमकुशल विचारलं. बायकोशी, गेर्षोमशी, अलियेजरशी तो काय बोलला याचा एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे निवाडे करायला बसला.

मी बायकोला ते वाचून दाखवलं. तिनं इस्त्री खाली ठेवली आणि म्हणाली, "तुम्हाला आज दिसलं का हे?"

आपल्याकडच्या पद्धतीच्या बाजूनंही मला बोलायचंय. इथे सकाळच्या उपासनेला बावीस माणसं असतात, प्रवचनं करायला स्थानिक प्रचारक आहेत, कोण कुठे प्रवचन करणार याचा तीन महिन्यांचा प्लॅन आधीच छापून येतो. दहा वर्षं सेवा झाली की तीन महिन्यांची रजा अभ्यासाला आणि विसाव्याला मिळते. हे सगळं मला मनापासून आवडतं. पण दोनशे घरं आणि पाच खेडी एकट्या माणसाच्या अंगावर असली की गुरुवार कुठून काढायचा? आणि माझी लेक एकटी वाढली नाही. तिला मंडळीतल्या आज्या होत्या, मावश्या होत्या, कोणाच्याही घरी जाऊन जेवायची. इथे तिला बोलवायचं तर आधी दिवस ठरवावा लागतो. आमच्या वाट्याला वेळ कमी आला, माणसं मात्र भरपूर आली. हे मी बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, "माणसं आली, खरंय. तुम्ही नव्हता."

ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही तिघं एपवर्थला गेलो. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींचं ते गाव इथून जवळच आहे. त्यांच्या वडिलांचा पाळकबंगला 1709 मध्ये जळाला आणि पाच वर्षांच्या जॉनला खिडकीतून बाहेर काढलं, ती गोष्ट मुलीला ठाऊक होती. नंतर बांधलेलं विटांचं घर अजून उभं आहे. मी तिला जॉनच्या आईबद्दल, सुझाना वेस्लींबद्दल सांगितलं. त्यांना 19 लेकरं झाली, त्यातली बरीच लहानपणीच गेली. पण जी होती त्यातल्या प्रत्येकाशी बोलायला त्यांनी वार ठरवून दिला होता. सोमवारी मॉली, मंगळवारी हेटी, असं करत शनिवारी चार्ल्स. जॉनचा वार गुरुवार. मोठेपणी ऑक्सफर्डहून जॉननं आईला लिहिलं होतं, तुझ्या गुरुवार संध्याकाळचा तो थोडासा भाग अजूनही माझ्यासाठी राखून ठेव.

तोच जॉन वेस्ली 1751 मध्ये मेरी नावाच्या एका विधवेशी लग्न करतो आणि महिनाभरात रोजनिशीत लिहितो, की लग्न झालं म्हणून एखाद्या मेथडिस्ट प्रचारकानं एक प्रवचन किंवा एका दिवसाचा प्रवास कमी केला तर तो देवाला काय जाब देईल, मला कळत नाही. वीस वर्षांनी ती घर सोडून गेली. त्यांनी लॅटिनमध्ये नोंद केली: मी तिला टाकलं नाही, घालवलं नाही, परत बोलावणार नाही. 1781 मध्ये ती वारली, ते त्यांना कळलं तेव्हा तिला मूठमाती देऊन झाली होती. हे मी मुलीला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं, गाडीत, मुलगी मागे झोपल्यावर. वेस्लींच्या सेवेवर माझं प्रेम आहे, ते कमी झालेलं नाही. पण ज्या माणसानं एक दिवसही सोडला नाही, त्याच्याच मंडळीनं आता मिनिस्टरच्या लेकरासाठी एक वार चौकटीत छापावा, याचं मोल मला त्या घरासमोर उभं राहून कळलं. मला त्याची लाज वाटली होती.

ते शेतकरी आजोबा नोव्हेंबरमध्ये गेले. सकाळी आठला फोन वाजला. गुरुवार होता. स्टुअर्डबाईच बोलत होत्या: "शेवटचं आलंय आणि ते तुमचं नाव घेताहेत. तुम्ही जा. शाळेत मी जाते." मी दिवसभर तिथे होतो. दुपारी एकदा त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी उशिरा प्राण गेला. मग घरच्यांबरोबर बसलो, प्रार्थना केली आणि रात्री दहाला घरी आलो.

मुलगी झोपली होती. फ्रिजवरच्या पत्रकात हिरव्या गोलातल्या गुरुवारवर तिनं एक रेघ मारली होती आणि शेजारी मराठीत लिहिलं होतं: "शूक्रवार. नक्की?" उकार दीर्घ पडला होता. इथे तिचं मराठी लिहिणं सुटत चाललंय.

मी पेन घेऊन खाली "नक्की" लिहिलं. शुक्रवारी पाऊस होता. तीन वाजल्यापासून छत्री घेऊन शाळेच्या फाटकाशी उभा होतो.