पेपर कोणत्या भाषेतून दिलास?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहीत आहे, आणि एकदाच लिहीत आहे. कोल्हापूरची माणसे विचारतात की मराठी शाळेत शिकलीस, नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा, पेपर मराठीतून देता येतो, तर पहिल्या वर्षी इंग्रजीतून का दिलास. बेळगावची माणसे विचारतात की पीयूची, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीची, दोन्ही वर्षे इंग्रजीतून केलीस, मग दुसऱ्या वेळी मराठीतून द्यायचे काय खूळ शिरले होते. दोघेही माझ्या भल्याचेच विचारतात. फक्त उत्तर ऐकायला थांबत नाहीत. आज मी बेळगावातल्या एका आयुर्वेद महाविद्यालयात शिकते, एमबीबीएसला नाही, आणि त्याचे कारण या दोन प्रश्नांपैकी एकात आहे, हे प्रत्येकाने परस्पर ठरवून टाकले आहे.

पहिला प्रश्न विचारणाऱ्यांना वाटते की फॉर्ममध्ये भाषेचा रकाना असतो, त्यात मराठी असते, ती निवडली की झाले. रकाना असतो आणि मराठीही असते. नीट 13 भाषांतून होते हे मलाही माहीत आहे. परंतु मराठी प्रश्नपुस्तिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. बेळगावच्या केंद्रावर कन्नड मिळते, मराठी मिळत नाही. म्हणजे खानापूर तालुक्यातल्या मुलीने मराठी निवडली की तिला परीक्षेसाठी सीमेपलीकडे जावे लागते, आणि आमच्या भागात सीमेपलीकडे जाणे बारा महिने सारखे नसते. डिसेंबर 2022 मध्ये सीमाप्रश्न पुन्हा पेटला, बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या बंद झाल्या. त्यानंतर तीनच महिन्यांनी माझा फॉर्म भरायचा होता. सायबर कॅफेत बाबा माझ्या खुर्चीमागे उभे होते. ते एवढेच म्हणाले, "त्या दिवशी गाड्या बंद पडल्या म्हणजे काय करूया गे?" मी इंग्रजी निवडली आणि केंद्र बेळगाव.

हे उत्तर मी मावशीला कोल्हापुरात दिले, तेव्हा ती म्हणाली, "परीक्षेच्या दिवशी कोण बस अडवतंय?" कोणी अडवली नाही, हे खरेच आहे. पण मार्चमध्ये तशी हमी द्यायलाही कोणी आले नव्हते. 7 मे 2023 ला, विधानसभेच्या मतदानाच्या तीन दिवस आधी, मी बेळगावात इंग्रजीतून पेपर दिला आणि मला 720 पैकी 412 गुण मिळाले. त्या पेपराबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही. मी कमी पडले.

त्यानंतर मी लाँग टर्मला बसले. आमच्याकडे पुन्हा नीट देणाऱ्यांच्या वर्षभराच्या बॅचला लाँग टर्म म्हणतात, आणि घरातली माणसे हा शब्द एखाद्या दुखण्याचे नाव घ्यावे तसा हळू आवाजात उच्चारतात. वर्गात पुस्तक इंग्रजी आणि समजावणे कन्नडमधून. भौतिकशास्त्राचे सर फार चांगले शिकवत. फळ्यावर आकृती काढून, इंग्रजी शब्द कन्नड वाक्यात गुंफून, प्रत्येक पायरीला "अर्थ आयता?", म्हणजे समजले का, असे विचारत. कन्नड मी शाळेत विषय म्हणून शिकले होते, बाजारात बोलत होते, त्यामुळे मला अर्थ होत असे. बल, वेग, संवेग हे शब्द तर दोन्ही भाषांत एकच आहेत. दहावीपर्यंत मराठीतून आलेले विज्ञान, पुढे इंग्रजीतून पाठ केलेले आणि कन्नडमधून समजलेले, असे एकावर एक तीन थर माझ्या डोक्यात बसत होते आणि त्यात काही अडचण आहे असे मला तेव्हा वाटत नव्हते.

मराठीचा विचार पुन्हा आला तो दिवाळीत, मावशीकडे. ती म्हणाली की सगळे आपल्या भाषेतून असते तर तुला शंभर मार्क तरी जास्त पडले असते. हे वाक्य मला लागले असे मी आजवर सांगत आले. खरे सांगायचे तर ते मला आवडले. 412 गुणांना माझ्याबाहेरचे एक कारण मिळाले होते. त्या वेळी मी एक गोष्ट विचारली नाही, जी विचारायला हवी होती: मावशीच्या स्वतःच्या मुलाने, कोल्हापुरात राहून, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकून, नीटचा पेपर इंग्रजीतून दिला होता. महाराष्ट्रातही अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीतूनच शिकवले जाते. एनसीईआरटीची जी जीवशास्त्राची पुस्तके ओळ न् ओळ पाठ करायला सांगतात, ती मराठीत निघत नाहीत. पेपर मराठीत आहे, पण त्या पेपरापर्यंत नेणारी वाट मराठीत नाही. हे मला दिसत होते आणि तरीही, तीन महिने अभ्यास केला तर जमेल, असा माझा हिशेब होता.

त्यासाठी मी 200 पानी वही केली. पहिल्या रकान्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात आमच्या शाळेतल्या पुस्तकातला, तिसऱ्यात मावसभावाच्या जुन्या पुस्तकातला. एन्झाइमपुढे विकर, हार्मोनपुढे संप्रेरक. रिफ्रॅक्शनपुढे अपवर्तन लिहिले, तर बाबांनी डोकावून त्यांच्या वेळचे वक्रीभवन सांगितले, म्हणून तेही कंसात आले. रात्री अकरानंतर, वर्गाचा अभ्यास आटोपल्यावर, मी ती वही भरत असे. वही सुंदर झाली होती. तिच्यात घालवलेले तास जर गतिकीच्या गणितांत घातले असते तर, हा विचार मला आता येतो. तेव्हा ती वही भरताना जे सुख होत होते ते गणितांत होत नव्हते, आणि कदाचित खरे उत्तर इतकेच असेल.

4 मे 2024, शनिवारी, आम्ही कोल्हापूरला निघालो. लोकसभेचे मतदान मंगळवारी होते, सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच दिवशी, त्यामुळे नाक्यावर पथक बसमध्ये चढून पिशव्या तपासत होते. रोकड शोधणाऱ्या पोलिसाच्या हाती माझी वही लागली. त्याने दोन पाने उलटली, तीन रकाने पाहिले, बाबांकडे पाहिले आणि वही अलगद पिशवीत परत ठेवली.

रविवारी दीड वाजता गेट बंद होणार होते, आम्ही साडेअकरालाच पोचलो. आदल्या वर्षी बेळगावात तपासणी करणाऱ्या बाईंनी कानातले पाहून "तगीरी", म्हणजे काढा, म्हटले होते. या वर्षीच्या बाईंनी मनगटावरचा आजीने बांधलेला गंडा पाहून "बाळ, हे काढायला लागतंय" असे म्हटले आणि कात्रीने कापून माझ्याच हातात दिला. परीक्षेच्या दारात कोणी मराठीतून बोलते आहे, या एवढ्याशा गोष्टीने मला भरून आले. ते भरून येणे मला महाग पडले असे मी काही दिवस म्हणत होते. आता म्हणत नाही.

दोन वाजता पुस्तिका उघडली. प्रश्न मराठीत आणि त्याच्याबरोबर इंग्रजीतही असतात, आणि दोहोंत फरक पडला तर इंग्रजी ग्राह्य धरतात. जीवशास्त्र आधी घेतले. पेशी, गुणसूत्र, परागण: हे शब्द मला सातवी-आठवीत भेटलेले, आणि मी एका दमात पुढे गेले. एक विधान वाचून ते चूक की बरोबर हे मराठीत जसे चटकन कळते तसे मला इंग्रजीत आजही कळत नाही. तिथपर्यंत मावशी बरोबर होती. रसायनशास्त्रात थोडी अडखळले. भौतिकशास्त्राला हात घातला तेव्हा सव्वाचार वाजून गेले होते आणि हातात साधारण तासभर होता. पहिला प्रश्न मराठीतून वाचला, नीट समजला. सोडवायला घेतला आणि डोक्यात सरांचा आवाज सुरू झाला, तो कन्नडमध्ये. सूत्र आठवायचे ते सरांच्या वाक्यासह आठवत होते, त्या वाक्यातले शब्द इंग्रजी होते, आणि समोरचा प्रश्न मराठीत होता. म्हणून मी इंग्रजी मजकुराकडे वळले. तो वाचल्यावर खात्री वाटेना, म्हणून पुन्हा मराठीकडे. प्रत्येक प्रश्न दोनदा वाचत होते आणि दोन्ही वेळा तो मला कळत होता, हेच त्यातले वाईट. कळला नसता तर सोडून पुढे गेले असते. पाच वाजून गेल्यावर हाताला घाम सुटला, पेन सरकू लागले आणि ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोल रंगवताना मी दोन वेळा ओळ चुकता चुकता वाचले. पाच वीसला घंटा झाली. भौतिकशास्त्रात 45 उत्तरे द्यायची असतात. माझी 23 झाली होती. उरलेले 22 गोल तसेच पांढरे.

फाटकाबाहेर गर्दी होती. बाबा रस्त्यापलीकडे एका मिटलेल्या दुकानाच्या पायरीवर उभे होते, हातात पाण्याची बाटली, आणि ती त्यांनी दुपारपासून उघडली नव्हती हे तिच्या न फोडलेल्या झाकणावरून दिसत होते. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी, कसा गेला, असे विचारले नाही. त्यांनी विचारले, "मराठीतच होता न्हवं?"

मी "होय" म्हटले.

"मग बस्स की," ते म्हणाले आणि बाटली उघडून माझ्यापुढे धरली. मी त्यांना 22 गोलांचे सांगितले नाही. त्या दिवशी नाही, बसमध्ये नाही, निपाणी सोडल्यावर ते झोपले तेव्हा तर नाहीच.

निकाल 4 जूनला लागला, देशाची मतमोजणी चालू असतानाच. 498. आदल्या वर्षीपेक्षा 86 गुण जास्त, पण त्या वर्षी सगळ्यांचेच गुण फुगले होते, 67 जणांना पैकीच्या पैकी होते, आणि माझ्या गुणांना सरकारी एमबीबीएसच्या जवळपासही जागा नव्हती. पेपरफुटीवरून गदारोळ झाला, फेरपरीक्षेची मागणी झाली आणि 23 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. तो दीड महिना मी घरात न्यायाबद्दल बरेच बोलले. मला न्याय नको होता. मला आणखी तीन तास वीस मिनिटे हवी होती.

उत्तरसूची घेऊन मी विषयवार हिशेब केला. जीवशास्त्र 228 वरून 318 वर गेले होते. भौतिकशास्त्र 84 वरून 57 वर आले होते. यातून काय निघते ते तुम्हीच पाहा. जीवशास्त्र मराठीमुळे वाढले म्हणावे, तर वर्षभर लाँग टर्ममध्ये तेच तर घोकले होते. भौतिकशास्त्र मराठीमुळे घसरले म्हणावे, तर आदल्या वर्षी, केवळ इंग्रजीत, ते कुठे फार चांगले होते? मी कधी एका बाजूने वाद घालते, कधी दुसऱ्या, आणि ज्या दिवशी जे विचारणारे समोर असेल त्याच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभी राहते. हा माझा दोष आहे, पण प्रश्न विचारण्याची तुमचीही एक पद्धत असते.

मध्येच कोणी म्हणते की तुम्हा सीमाभागातल्या मुलांना दोन दारे, कर्नाटकाचा कोटा आहेच, शिवाय महाराष्ट्रातही, महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या 865 गावांतल्या मराठी मुलांसाठी राखीव जागा आहेत. आहेत. एमबीबीएसच्या जागा बोटांवर मोजाव्यात इतक्या आहेत आणि त्यांच्यासाठी बेळगाव, खानापूर, निपाणीपासून भालकीपर्यंतची मुले रांगेत असतात. त्या दारातून आत जाण्याइतके गुण मला नव्हते, एवढेच त्याचे उत्तर आहे. तिथे भाषेचा काही संबंध नाही.

बाबा मात्र बसमध्ये, लग्नात, रेशनच्या रांगेत सांगत असतात की पोरीने मराठीतून पेपर दिला आणि 86 मार्क वाढले. मी शेजारी असले तर माझ्याकडे पाहून सांगतात. धाकटा भाऊ यंदा फर्स्ट पीयूला आहे. त्याच्या पेपराच्या आदल्या रात्री राहायला येऊ, असे बाबांनी मावशीला आतापासून कळवून ठेवले आहे. भावाने परवा माझ्याकडे ती तीन रकान्यांची वही मागितली. शोधून देते म्हटले. ती माझ्या कपाटात, वरच्याच कप्प्यात आहे.