टीव्ही बसवला म्हणजे कॉम्प्युटर शिकवला असं होत नाही

आमच्या भागात आता बहुतेक जिल्हा परिषद शाळांच्या भिंतीवर "डिजिटल शाळा" असं रंगवलेलं दिसतं. ते खोटंही नाही, कारण २०१५ नंतर गावोगाव लोकवर्गणी गोळा झाली, कुणी टीव्ही दिला, कुणी प्रोजेक्टर, कुणी दोनचार टॅब. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या शाळेचं काम बघायला तर लांबलांबून शिक्षक जात होते. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीला डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड टाकले, पुढे बालभारतीच्या पुस्तकांत ते आले आणि २०२० साली गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. या सगळ्याचा मला मनापासून अभिमान आहे.

पण एक गोष्ट मला खूप दिवस खटकतेय. आपल्या बऱ्याच डिजिटल वर्गांत मूल फक्त बघतं. बटण बाई दाबणार, कविता टीव्ही म्हणणार, पोरं मांडी घालून ऐकणार. आणि खाजगी शाळांत जिथे कॉम्प्युटर हा वेगळा विषय आहे तिथे काय, तर मॉनिटरचं चित्र काढा, भागांना नावं द्या, "सीपीयू हा संगणकाचा मेंदू आहे" हे पाच वेळा लिहा. माझं म्हणणं एवढंच की पहिली ते चौथीच्या मुलाच्या हातात कॉम्प्युटर द्यायचा तो मुलाने कॉम्प्युटरला काहीतरी करायला सांगावं म्हणून, आणि ते मराठीतून होतं, मी वर्गात रोज बघते.

सुरुवात टायपिंगपासून करा असं सांगितलं की लोक म्हणतात त्यात काय शिकायचं, आता तर बोललं की टाइप होतं. एकदा तिसरीच्या मुलांसमोर इन्स्क्रिप्ट कीबोर्ड ठेवून बघा! लॅपटॉपच्या बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावायचे आणि विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड चालू करायचा, बस. डाव्या हाताला जवळजवळ सगळे स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क दाबला की क, शिफ्ट धरून तेच बटण दाबलं की ख. हे एवढं दाखवल्यावर आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बाई, मग ग चा घ पण होणार ना?" करून बघ म्हटलं. झाला. मग त चा थ, प चा फ, ब चा भ, सगळी पोरं वर्णमालेचा तक्ता बघून बघून पुढचं अक्षर आधीच ओळखायला लागली. नियम सापडणं, त्यावरून अंदाज बांधणं आणि तो तपासणं, हेच तर कॉम्प्युटर शिकणं आहे ना, त्याला वेगळं पुस्तक कशाला हवं?

खरी मजा येते "विद्यार्थी" हा शब्द टाइप करताना. वहीत आपण वेलांटी आधी काढतो आणि व नंतर, म्हणून पोरं कीबोर्डवरही आधी वेलांटीच दाबतात आणि स्क्रीनवर ठिपक्यांच्या गोलाला वेलांटी लटकलेली दिसते. का? कारण कॉम्प्युटरला बोलण्याचा क्रम लागतो, आधी व मग इ. आणि रफाराचं बरोबर उलटं, हाताने लिहिताना तो सगळ्यात शेवटी थी च्या डोक्यावर देतो पण टाइप करताना आधी र, मग पाय मोडायचा, मग थ आणि मग दुसरी वेलांटी. हे एकदा बोटांनी केलं की र कुठे ऐकू येतो ते मुलाला कळतं. जोडाक्षरांनी रडवलेली पोरं या एका लॅपटॉपवर पाय मोडायचं बटण शोधत हसत बसलेली असतात. माझ्या मते चौथीपर्यंत प्रत्येक मुलाला आपल्या भाषेत न बघता नाही तरी निदान न अडखळता एक परिच्छेद टाइप करता यायला हवा, आणि त्याच्यासाठी इंग्रजी स्पेलिंगची वाट बघत बसायची काही गरज नाही.

दुसरं म्हणजे प्रोग्रामिंग. हा शब्द ऐकला की पालकांना ऑनलाइन क्लासच्या जाहिराती आठवतात पण आम्ही ते अंगणात सुरू करतो, लाइट नसली तरी चालतं. फरशीवर खडूने चौकटी आखायच्या, एक मूल रोबोट, दुसरं चिठ्ठ्या लिहिणार. हुकूम तीनच: एक घर पुढे, उजवीकडे वळ, डावीकडे वळ. रोबोटने चिठ्ठीत आहे तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. पहिल्या फेरीत हमखास भांडण होतं, कारण चिठ्ठी लिहिणारा रोबोटच्या समोर उभा असतो आणि त्याची उजवी म्हणजे रोबोटची डावी. मी मध्ये पडत नाही. थोड्या वेळाने कुणीतरी उठून रोबोटच्या मागे जाऊन उभं राहतं, स्वतः वळून बघतं आणि मग लिहितं. गणितज्ञ सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो नावाची प्रोग्रामिंगची भाषा बनवली, तिच्यात पुढे हुकुमावर चालणारं कासव आलं, आणि त्या कासवाला चालवताना मूल स्वतःला कासवाच्या जागी ठेवून विचार करतं ही पॅपर्ट यांची आवडती गोष्ट होती, ती आमच्या अंगणात जशीच्या तशी दिसते.

त्यानंतर टॅबवर स्क्रॅच ज्युनियर, म्हणजे हुकुमांचे ठोकळे एकमेकांना जोडून पडद्यावरच्या मांजरीला चालवायचं ॲप. हे फुकट आहे, एकदा टाकलं की नेट लागत नाही आणि ठोकळ्यांवर चित्रं असतात, शब्द नाहीत, त्यामुळे दुसरीतल्या मुलालाही जमतं. आमच्या पोरांनी आषाढीला मांजरीची वारी केली. पाठीमागचं देऊळ स्वतः रंगवलं, आवाज रेकॉर्ड करायच्या ठोकळ्यात "ज्ञानोबा माउली तुकाराम" भरलं आणि हिरवा झेंडा दाबला तर मांजर देवळाच्या पुढे निघून गेली. मग ग्रिड चालू केली, आडवी वीस घरं उभी पंधरा, मांजर कितव्या घरात आहे, देऊळ कितव्या घरात, किती पावलं हवीत, वजाबाकी कुणी सांगितली नव्हती तरी झाली. चूक सापडेपर्यंत जेवणाच्या सुट्टीलासुद्धा कुणी हललं नाही. मला वाटतं चुकलेलं उत्तर लाल पेनाने खोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता तिसरी गोष्ट, आणि हिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. आमच्या कितीतरी घरांत आजी-आजोबांना आलेला मेसेज वाचून दाखवणारं माणूस म्हणजे आमचं तिसरी-चौथीचं पोरगं. बँकेचा एसएमएस तेच वाचणार, ओटीपी तेच सांगणार, फॉरवर्ड तेच पुढे ढकलणार. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच माणसांना जमावाने ठार मारलं, ती अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. हे लहान मुलांना तपशिलात सांगायचं नसतं, पण मेसेज आला की हे कुणी लिहिलं, कधीचं आहे, कुठल्या गावचं आहे, हे तीन प्रश्न विचारायची सवय आठव्या-नवव्या वर्षी नक्की लागते. आम्ही परिपाठात घरून आलेला एखादा फॉरवर्ड घेतो आणि तिन्ही प्रश्न विचारतो, उत्तर नाही मिळालं तर तो पुढे पाठवायचा नाही. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही आणि फसवणूक झाली तर १९३० ला फोन लावायचा, हे पोरांनी घरी जाऊन मोठ्यांना शिकवलंय.

"असर" या ग्रामीण भागातल्या मुलांच्या शिक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या चौदा ते सोळा वयाच्या ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं, आणि त्यांच्यातल्या ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. म्हणजे फोन तर हातात येणारच आहे, प्रश्न आधी काय शिकवायचं याचा आहे. इंग्लंडमध्ये २०१४ पासून पाचव्या वर्षीच शाळेत कॉम्प्युटिंग सुरू होतं. आपल्या २०२० च्या शैक्षणिक धोरणात कोडिंगचा उल्लेख आहे तो सहावीपासून पुढे. सहावी फार उशिरा होते हो.

शिक्षकांचं प्रशिक्षण हाही विषय आहेच, आमची बरीचशी ट्रेनिंगं लिंक कशी भरायची, माहिती कुठल्या ॲपवर टाकायची यातच संपतात, मुलांच्या हातात कीबोर्ड कसा द्यायचा हे कुणी सांगत नाही. वीजबिल थकलं की कनेक्शन तुटतं ते वेगळंच.

एक लॅपटॉप आणि तीस पोरं, कसं जमवायचं असं विचारणाऱ्या सहकाऱ्यांना माझं सांगणं असं: जोड्या लावा. एकाने बटण दाबायचं, दुसऱ्याने शेजारी बसून फक्त तोंडाने सांगायचं, हात लावायचा नाही, शब्द पूर्ण झाला की जागा बदलायच्या. बाकीच्यांनी तोपर्यंत पुठ्ठ्यावर काढलेल्या कीबोर्डवर तोच शब्द बोटांनी शोधायचा. पुठ्ठ्याचा कीबोर्ड प्रत्येक मुलाकडे असू द्या, घरी न्यायला पण.